अण्णासाहेब किर्लोस्कर आणि त्यांची पदं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किर्लोस्करांवर मराठीत जे लिहिलं गेलं ते बहुतेक नाटककार किर्लोस्करांवर. इथे मात्र भर गीतकारावर आहे. नाट्यगीतांच्या स्पर्धेला बसणारी मुलं, त्यांचे पालक, हौशी मंडळींचे दिग्दर्शक आणि नुसतंच आवडीने ऐकणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते सगळे एका ठिकाणी आणले आहेत.

अण्णासाहेब किर्लोस्कर म्हणजे नेमके कोण?

बलवंत पांडुरंग किर्लोस्कर. जन्म ३१ मार्च १८४३, मृत्यू २ नोव्हेंबर १८८५. ‘संगीत शाकुंतल’, ‘संगीत सौभद्र’ आणि अपुरं राहिलेलं ‘रामराज्यवियोग’ ही त्यांची तीन संगीत नाटकं. त्यांतली शेकडो पदं त्यांनीच रचली. आयुष्य अवघं बेचाळीस वर्षांचं, आणि ज्या कामासाठी आज त्यांचं नाव घेतलं जातं ते सगळं १८८० ते १८८५ या पाच वर्षांतलं. चाळिशी जवळ येईपर्यंत ते एक नाटकवेडे सरकारी नोकर होते.

मराठीत ओव्या, अभंग, लावण्या, पोवाडे यांची कमतरता कधीच नव्हती. पण तिकीट काढून आलेल्या सगळ्या थरांतल्या माणसांनी एकच गाणं ऐकावं, दुसऱ्या दिवशी ते ओसरीवर गुणगुणावं आणि महिनाभरात ते गावभर व्हावं, हा प्रकार त्यांच्या पदांपासून जोरात सुरू झाला. मराठीतले पहिले लोकप्रिय गीतकार कोण, या प्रश्नाला माझं उत्तर म्हणूनच किर्लोस्कर हे आहे. शाहिरांचे चाहते यावर भांडतील, आणि त्यांचंही काही चुकणार नाही.

पंप आणि इंजिनांचे किर्लोस्कर ते हेच का?

नव्हे. किर्लोस्करवाडीचे लक्ष्मणराव किर्लोस्कर वेगळे. गाव मात्र एकच, गुर्लहोसूर. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, म्हणजे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते.

ते मूळचे पुण्याचे होते का?

नाही. गुर्लहोसूर हे बेळगाव-धारवाड भागातलं गाव, आज कर्नाटकात येतं. घरात मराठी आणि बाहेर कानडी, असं ते बालपण. पुण्याला ते शिकायला आले आणि अभ्यासापेक्षा नाटकांतच जास्त रमले. पुढे बेळगावात शिक्षकी केली, रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी केली. मधल्या काळात हौशी मंडळी जमवून नाटकं बसवणं, फिरत्या नाटकमंडळ्यांना पदं करून देणं हे चालूच होतं. ‘शांकरदिग्जय’ नावाचं एक गद्य नाटकही त्यांनी लिहिलं. ते आज कुणी वाचत नाही.

या सगळ्यातली कामाची गोष्ट एवढीच की त्यांच्या कानावर दोन भाषांचं गाणं पडत होतं. कानडी पदांच्या चाली पुढे त्यांच्या नाटकांत आल्या त्या कुठे शोधायला जावं लागलं म्हणून आल्या नाहीत. त्या त्यांच्या घरादारातल्याच होत्या.

त्यांच्याआधी मराठी नाटकात गाणी नव्हती का?

होती, भरपूर होती. फरक होता तो गाणं कोण म्हणतं यात.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीच्या पटवर्धन राजांपुढे ‘सीतास्वयंवर’ केलं. किर्लोस्कर जन्मले तेच हे वर्ष. भाव्यांच्या पद्धतीत सूत्रधार एका बाजूला उभा राहून पदं म्हणायचा. पात्रं त्या पदाला धरून हावभाव करायची आणि मग ऐनवेळी सुचेल ते बोलायची. लिहिलेलं काय असायचं? सूत्रधाराची पदं. बाकी सारं पात्राच्या हुशारीवर, आणि राक्षसाच्या पात्राच्या बाबतीत त्याच्या घशावर.

किर्लोस्करांनी दोन बदल केले. संवाद लिहून काढले, आणि गाणं सूत्रधाराच्या तोंडून काढून पात्राच्या तोंडी दिलं. ऐकायला साधी गोष्ट वाटते, पण गीतकाराच्या दृष्टीने सगळं इथेच पालटलं. सूत्रधार गातो तेव्हा तो सांगत असतो, की आता सीता रडते आहे, आता राम निघाला आहे. ती कथनाची भाषा, तिसऱ्या माणसाची. ‘सौभद्र’ची नायिका सुभद्रा स्वतः गायला लागली की गीतकाराला तिच्या मनात शिरून ‘मी’ म्हणून लिहावं लागतं. तिचं वय, तिचा हट्ट, समोर कोण उभं आहे, ती चिडली आहे की घाबरली आहे, हे सगळं पदात यावं लागतं. आपण आज सिनेमात जी ‘सिच्युएशन’ म्हणतो ती मराठी गाण्याला इथे मिळाली.

मग पहिलं संगीत नाटक त्यांचंच, हे बरोबर आहे ना?

शाळेच्या पुस्तकापुरतं बरोबर. बारकाईने पाहायचं तर मुंबईत सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी ‘नलदमयंती’ हे संगीत नाटक १८७९ साली, म्हणजे ‘शाकुंतल’च्या आदल्या वर्षी केलं होतं. तो मान त्रिलोकेकरांना देणारे अभ्यासक आहेत. पण त्या वाटेवरून पुढे मंडळ्या चालल्या त्या किर्लोस्करांना पाहून. परंपरा त्यांच्यापासून मोजतात ती त्यासाठी.

‘शाकुंतल’ लिहायचं त्यांना सुचलं कसं?

नाट्येतिहासात सांगितली जाणारी हकीकत अशी : पुण्यात पारशी मंडळींचं ‘इंद्रसभा’ हे उर्दू नाटक लागलं होतं. नाच, गाणं, झगमगाट, आणि लोक तुटून पडलेले. ते पाहून किर्लोस्करांनी ठरवलं की असं गाण्याचं नाटक मराठीतही झालं पाहिजे, आणि परीकथा घेण्याऐवजी त्यांनी कालिदास घेतला.

मला ही निवड फार धोरणी वाटते. शिकलेल्या मंडळींना नाटक म्हणजे हलकं काम वाटे. कालिदासाचं नाव पुढे केल्यावर त्यांना नाक मुरडायला जागा उरली नाही. शाकुंतलाची मराठी भाषांतरं आधीही झाली होती, परशुरामपंत तात्या गोडबोल्यांचं त्यांतलं एक. ती वाचायची होती. किर्लोस्करांनी मूळ श्लोक गाता येतील असे करून दिले.

पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाला, तोही पहिल्या चार अंकांचाच. बाकीचे अंक पुढे आले. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व आणि शंकरराव मुजुमदार शकुंतला. सूत्रधार खुद्द अण्णासाहेब. नाटकात पदं किती? दोनशेच्या घरात. आजच्या प्रेक्षकाला हा आकडा ऐकूनच घाम फुटेल, पण त्यांतली पुष्कळशी दोन-चार ओळींची होती, बोलता बोलता म्हणून टाकायची.

‘पंचतुंड नररुंडमालधर’ कुठल्याही नाटकाआधी का म्हणतात?

ती ‘शाकुंतल’ची नांदी. शंकराला आणि गणपतीला वंदन करून मग कालिदासाचं नाव घेते. वास्तविक ती त्या एका नाटकापुरती होती, कारण तिच्यात शाकुंतलाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण मराठी संगीत रंगभूमीची ती जणू राष्ट्रगीतासारखी झाली. नाट्यसंमेलन असो, संगीत नाटकांचा महोत्सव असो, पडदा उघडायच्या आधी तीच.

नांदीच्या शेवटी ‘बलवत्कवि’ असा उल्लेख येतो, तो खुद्द बलवंत पांडुरंगांचा. अभंगात ‘तुका म्हणे’ येतं, लावणीत शाहिराचं नाव येतं, तशी ही नाममुद्रा. पुढे नाट्यपदांतून ही चाल गळून पडली. सुभद्रा गात असताना मध्येच कवीने स्वतःचं नाव घेतलं तर ते बरं कसं दिसणार? नांदी सूत्रधाराची म्हणून तिथे चाललं.

पदांना चाली कुणाच्या? संगीत त्यांचंच होतं का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि सगळ्यांत जास्त गोंधळही इथेच आहे. रेकॉर्डवर किंवा स्पर्धेच्या कागदावर गीतासमोर आणि संगीतासमोर दोन्हीकडे ‘अण्णासाहेब किर्लोस्कर’ छापलेलं असतं. आजच्या अर्थाने ते संगीतकार नव्हते. चालू असलेल्या चाली निवडून त्यांवर ते शब्द बसवत. जुन्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर चाल दिलेली असते, ती याच पद्धतीची खूण.

चाली यायच्या कुठून? कीर्तनातल्या साक्या, दिंड्या, कामदा. तमाशातल्या आणि बैठकीच्या लावण्या. बायका माजघरात म्हणायच्या ती गाणी. बेळगाव-धारवाडकडची कानडी पदं. गवयांच्या हिंदुस्थानी चिजा. एकाच नाटकात हे सगळं एका रांगेत येतं, आणि कुठे सांधा दिसत नाही.

हे काम उसनवारीचं म्हणून दुय्यम समजणाऱ्यांनी एकदा स्वतः करून पाहावं. ठरलेल्या चालीवर लिहिताना चाल जिथे लांबते तिथे दीर्घ अक्षर यावं लागतं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, महत्त्वाचा शब्द पडावा लागतो, नाहीतर ठोका ‘आणि’वर येतो आणि सुभद्रेचं दुःख हास्यास्पद होतं. श्वास तुटतो तिथे शब्द तुटून चालत नाही. एवढं सांभाळून पुन्हा वाक्य घरात बोलल्यासारखं वाटायला हवं. किर्लोस्करांच्या चांगल्या पदांत हे सगळं होतं.

आणि या पद्धतीत एक व्यावहारिक शहाणपण होतं. प्रेक्षकाला चाल अर्धीमुर्धी माहीत असायची. मग त्याचं लक्ष शब्दांकडे जायचं आणि पद एका ऐकण्यात तोंडात बसायचं. ग्रामोफोन नव्हता, रेडिओ नव्हता, तेव्हा गाणं पसरायला हीच सोय होती. जोडीला नाटकांच्या पदांची पुस्तकं विकली जायची. कीर्तनकार ती पदं उचलायचे, भजनी मंडळ्या उचलायच्या, आणि मग कुणीतरी नवं पद करताना वर ‘चाल’ म्हणून सौभद्रातलं पद लिहायचा. उचललेली चाल अशी नव्या नावाने पुढे जात राहायची.

एक लक्षात ठेवा : आज आपण ऐकतो ती पदं पुढच्या चार-पाच पिढ्यांच्या गायकांनी घडवलेली आहेत. चाल तीच असली तरी तिच्यावरची ताना-मुरक्यांची कलाकुसर किर्लोस्करांच्या वेळची समजू नये.

साकी, दिंडी, कामदा हे राग आहेत का?

ही छंदांची नावं आहेत, रागांची नव्हेत. प्रत्येक छंदाला परंपरेने एक म्हणण्याची ढब आहे, म्हणून गल्लत होते. साकीच्या ओळीत २८ मात्रा असतात, सोळा आणि बारा अशा. दिंडीच्या चरणात १९, नऊ आणि दहा.

सौभद्रातल्या कृष्णाची ही ओळ घ्या : ‘बहुत दिन नच भेटलो सुंदरीला’. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घाची दोन धरून (अनुस्वारामुळे ‘सुं’ही दीर्घच) बोटांवर मोजा. बरोबर १९ भरतात. आता तीच ओळ गद्यात म्हणा. रुसलेल्या बायकोकडे निघालेला नवरा स्वतःशी म्हणेल तसंच ते वाक्य आहे. छंद पाळताना एकही शब्द मुरगाळलेला नाही.

ते पदं कुणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहीत?

आपल्या किर्लोस्कर नाटक मंडळीतल्या गळ्यांना. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर हे दोघे पहिल्यापासून होते. बाळकोबांना शास्त्रोक्त गाण्याची जाण होती. पण खरी कलाटणी मिळाली ती १८८२ च्या सुमारास भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले तेव्हा. बडोद्याहून आलेला हा विशीतला तरुण. लोक लाडाने ‘भावड्या’ म्हणत. उंच, धारदार आवाज आणि देखणं रूप. शकुंतला आणि सुभद्रा या दोन्ही भूमिका त्यांच्याकडे आल्या.

स्त्रीपार्टी गायक एवढ्या ताकदीचा मिळाल्यावर नाटकाचा तोल नायिकेच्या पदांकडे झुकणार हे उघड आहे. सौभद्र वाचताना सुभद्रेच्या वाट्याची पदं नीट पाहिली तर लिहिणाऱ्याच्या कानात एक ठरावीक आवाज होता असं जाणवत राहतं.

भाऊरावांचं गाणं कुठे ऐकायला मिळेल?

कुठेच नाही. ते १९०१ मध्ये गेले आणि आपल्याकडे ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये. किर्लोस्करांनी ज्या गळ्यासाठी लिहिलं तो गळा असा जेमतेम वर्षा-दोन वर्षांनी हुकला. इंटरनेटवर ‘भाऊराव कोल्हटकर यांच्या आवाजात’ असं काही दिसलं तर पुढे पाठवू नका.

‘सौभद्र’ एवढं टिकलं कशामुळे?

१८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात पहिले तीन अंक झाले, पुढल्या वर्षी पूर्ण पाच अंकी नाटक आलं. तेव्हापासून आजतागायत ते कुठे ना कुठे चालूच आहे. महाराष्ट्रात संगीत नाटकांना उतरती कळा लागली तेव्हाही गोव्यात देवळांच्या जत्रांना हौशी मंडळी रात्र जागवून ते करत राहिली.

गोष्ट महाभारतातली. सुभद्रेचं मन अर्जुनावर. थोरला भाऊ बलराम तिला दुर्योधनाला द्यायला निघालेला. अर्जुन त्रिदंडी संन्यासी होऊन द्वारकेत येतो हा भाग भागवताच्या दशम स्कंधात आहे, बलरामाचा दुर्योधनाकडे असलेला कलही तिथेच आहे. किर्लोस्करांनी त्यात घरगुती रंग भरला. नावं काढून टाका, मग काय उरतं? बहिणीचं लग्न आपल्या मर्जीने ठरवणारा तापट थोरला भाऊ. सगळं माहीत असून नामानिराळा राहणारा धाकटा. दोघांच्या मध्ये सापडलेली मुलगी. रुसलेली वहिनी. लग्नघरातली धांदल. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही वाड्यात हेच चाललेलं होतं. १८८२ च्या प्रेक्षकांत घरच्यांनी ठरवलेल्या ठिकाणी दिलेल्या बायका होत्या आणि पुढे द्यायच्या मुली होत्या, हे ध्यानात घेऊन सुभद्रेची पदं ऐकावीत.

‘वद जाऊ कुणाला शरण, करिल जो हरण संकटाचे’ या पदाने मराठी माणसाला का धरून ठेवलं असेल? शरण, हरण आणि पुढल्या ओळीतला चरण, ही यमकं इतकी जवळजवळ येतात की घाबरलेल्या माणसाचा धापा टाकल्यासारखा वेग आपोआप येतो. गाणाऱ्याने वेगळा अभिनय करायलाच नको. माझ्या मते त्यांच्या सगळ्या पदांत हे पहिल्या नंबरचं. मैफलीत मात्र ‘नच सुंदरि करू कोपा’लाच वन्समोअर जास्त मिळतो, त्याला इलाज नाही.

कुठलं पद कुणाच्या तोंडी आहे?

हा प्रश्न स्पर्धकांचा असतो आणि तो विचारलाच पाहिजे, कारण नारदाचं पद शृंगाराने गाणारी मुलं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. ‘राधाधर मधुमिलिंद’ आणि ‘पावना वामना या मना’ नारदाची. ही भक्तीची पदं आहेत, पण नारद कळलावा आहे हे विसरू नका, स्वरात थोडी मिस्कीली चालते. ‘बहुत दिन नच भेटलो’, ‘नच सुंदरि करू कोपा’ आणि ‘प्रिये पहा’ कृष्णाची, तिन्ही रुक्मिणीच्या संदर्भात. पहिल्यात तो तिच्याकडे निघाला आहे, दुसऱ्यात तिचा रुसवा काढतो आहे, आणि तिसऱ्यात पहाट झाली आहे. हा क्रम मनात ठेवून गायलं की गाणं आपोआप सुधारतं. ‘नच सुंदरि’त तो शिक्षा मागतो ती गोड शिक्षा. जयदेवाच्या गीतगोविंदातला मानिनीची मनधरणी करणारा कृष्ण ज्यांना माहीत आहे त्यांना ओळख लगेच पटेल.

‘अरसिक किती हा शेला’ अर्जुनाचं. सुभद्रा नाहीशी झाली आणि शेला तेवढा हाती राहिला. एवढ्या सुंदर अंगावरून सुटून आलास, किती अरसिक रे तू, असं तो त्या शेल्यालाच म्हणतो. विरहाच्या प्रसंगात ही थट्टा सुचणं म्हणजे कमाल आहे. पुष्कळ गायक हे पद रडवेलं करतात आणि त्यातली गंमत घालवून बसतात.

‘नाथ हा माझा’, ‘म्हातारा इतुका न’ ही पदंही त्यांचीच ना?

नाहीत. ‘नाथ हा माझा’ नाटककार खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’मधलं, १९१६ चं नाटक. ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ आणि ‘मूर्तिमंत भीती उभी’ गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदे’तली. जुनं आणि गोड म्हटलं की किर्लोस्करांच्या नावावर टाकायची सवय आहे, तेवढंच.

पदांची भाषा आता जड वाटते. तेव्हा तरी लोकांना कळत होती का?

सगळी एकसारखी जड नाहीत. नांदी संस्कृतच्या थाटात आहे, कारण तो मंगलाचरणाचा भाग. शाकुंतलात कालिदास पाठीशी असल्याने समास जास्त आहेत. सौभद्रात उतरताना भाषा बरीच सैल झाली. दोन वर्षांत हात किती मोकळा झाला हे दोन नाटकं शेजारी ठेवून वाचली की कळतं.

आणि त्या काळच्या निरक्षर प्रेक्षकाचाही कान कीर्तनं-पुराणं ऐकून तयार झालेला होता. ‘मिलिंद’ म्हणजे भुंगा हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. आपल्यालाच ते आता टीपेत द्यावं लागतं.

‘रामराज्यवियोग’ अपुरं का राहिलं?

१८८४ मध्ये त्याचे तीन अंक रंगभूमीवर आले. पुढचं लिहून होण्याआधीच, १८८५ च्या नोव्हेंबरात अण्णासाहेब गुर्लहोसूरला वारले. सौभद्रापुढे हे नाटक फिकं पडलं आणि त्यातली पदंही फारशी मागे उरली नाहीत.

गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे कोण?

शिष्य, बेळगावपासूनचे. मंडळीत देवलांनी कामं केली, तालमी घेतल्या, आणि अण्णासाहेबांनंतर ‘मृच्छकटिक’, ‘शारदा’, ‘संशयकल्लोळ’ लिहिली. पदं साधी करण्याचं जे काम किर्लोस्करांनी सौभद्रात सुरू केलं ते देवलांनी शारदेत तडीस नेलं. उगाच गुरूचा मान राखायचा म्हणून हे झाकू नये : निव्वळ बोलीभाषेच्या कसोटीवर शिष्य पुढे गेला.

त्यांच्या मागे मंडळीचं काय झालं?

किर्लोस्कर नाटक मंडळी अण्णासाहेबांनंतरही काही दशकं चालली. भाऊराव कोल्हटकर होते, पुढे नानासाहेब जोगळेकर आले. व्यवहार शंकरराव मुजुमदारांनी सांभाळला. हे तेच, पहिल्या प्रयोगातली शकुंतला. अण्णासाहेबांचं चरित्रही त्यांनीच लिहिलं. १९०५ मध्ये नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, मंडळीत आले ते शकुंतलेच्याच भूमिकेतून. खाडिलकरांचं ‘मानापमान’ १९११ मध्ये याच मंडळीने रंगभूमीवर आणलं. १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडले, गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि जुन्या मंडळीची रया गेली.

महाराष्ट्र शासन संगीत रंगभूमीवरच्या कामासाठी जो जीवनगौरव पुरस्कार देतं तो अण्णासाहेबांच्या नावाने आहे.

मूळ प्रयोगात एक पद किती वेळ चालायचं?

दोनशे पदं एका रात्रीत बसवायची तर उत्तर त्यातच आलं. थोडक्यात म्हणून पुढे जायचं, आवडत्या पदाला लोकांनी वन्समोअर दिला तर गोष्ट वेगळी. पंधरा-वीस मिनिटं एकच पद आळवणं, ऑर्गनची साथ, रागविस्तार हे सगळं पुढचं. बालगंधर्व आणि गवई भास्करबुवा बखले यांच्या काळातलं. ते गाणं थोरच आहे, पण किर्लोस्करांच्या पदाचा घाट त्यासाठी केलेला नव्हता. म्हणून सौभद्र करणाऱ्या हौशी मंडळींना माझं सांगणं असतं की पदं छाटण्यापेक्षा आलाप छाटा.

ही पदं कार्यक्रमात गायला किंवा व्हिडिओत वापरायला परवानगी लागते का?

शब्दांसाठी लागत नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले. तुम्ही स्वतः गा, छापा, नाटक बसवा. मात्र दुसऱ्या कुणी गायलेली रेकॉर्ड लावायची असेल तर तिचे हक्क वेगळे, ते त्या ध्वनिमुद्रणाच्या प्रकाशनापासून मोजतात. नव्याने केलेलं संगीत-संयोजन किंवा संपादित रंगावृत्ती यांवरही त्या त्या माणसाचा हक्क असू शकतो, म्हणून ती वापरण्याआधी विचारून घ्यावं.

अजिबात काही ऐकलेलं नाही. सुरुवात कशाने करू?

सौभद्राने करा. शाकुंतल नंतर. आधी छोटा गंधर्वांचा कृष्ण ऐका. त्यांचा कृष्ण इतका लाघवी की रुक्मिणी अजून रुसून कशी बसली याचंच नवल वाटतं. मग प्रभाकर कारेकरांचं ‘प्रिये पहा’. त्यानंतर नाटकाची संहिता हाताशी घेऊन पदं नुसती वाचा, चाल मनात न आणता, संवादासकट. पदाच्या आधीचं वाक्य आणि नंतरचं वाक्य वाचलं की कळतं, बोलणं कुठे थांबलं आणि गाणं कुठे सुरू झालं. आणि जमलं तर गोव्यात एखाद्या गावच्या जत्रेला जाऊन रात्रीचा प्रयोग पाहा. पेटीवाला आणि तबलजी गावचेच असतात. पदाची पहिली ओळ सुरू झाली की दुसरी प्रेक्षकांतून येते.